पैसे घेऊन केलेली शिफारस आणि ॲफिलिएट लिंक: वाचकाला काय, कुठे आणि कसे सांगावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिक्सर, मोबाइल, फवारणी पंप, पैठणी, स्पर्धा परीक्षांचे क्लास, कोकणातले होमस्टे अशा प्रत्येक विषयावर आज मराठीत परीक्षणे लिहिली आणि चित्रित केली जातात, आणि त्यांपैकी बऱ्याच परीक्षणांखाली कमिशन देणारी लिंक असते. अशी लिंक देण्यात गैर काही नाही. चांगल्या परीक्षणाला वेळ आणि कष्ट लागतात आणि त्यांचा मोबदला मिळायलाच हवा. मात्र तो मोबदला कोणाकडून येतो, हे वाचकाला खरेदीचा निर्णय घेण्यापूर्वी कळले पाहिजे, त्यानंतर नव्हे. पुढील उत्तरे मुख्यतः भारतातील नियमांविषयी आहेत आणि ती स्वतः परीक्षणे करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. परीक्षणे वाचून खरेदी करणाऱ्यांनाही ती उपयोगी पडतील.

ॲफिलिएट लिंक नेमकी कशी चालते आणि तिचा जाहिरातीच्या नियमांशी काय संबंध?

विक्री करणारे संकेतस्थळ तुम्हाला एक ओळख क्रमांक देते आणि तो तुमच्या लिंकमध्ये गुंफलेला असतो. वाचकाने त्या लिंकवर टिचकी मारली की तो तुमच्याकडून आला अशी नोंद होते, आणि ठरावीक मुदतीत त्याने खरेदी केली तर किमतीचा काही टक्के भाग तुमच्या खात्यात जमा होतो. काही योजनांमध्ये वाचकाने तुम्ही सुचवलेली वस्तू न घेता दुसरीच घेतली, तरीही कमिशन मिळते. कूपन कोडचे गणितही असेच असते. फरक इतकाच की तेथे नोंद लिंकऐवजी कोडवरून होते.

यातून एक गोष्ट उघड होते. ‘ही वस्तू घ्या’ असे सांगणाऱ्याला पैसे मिळतात आणि ‘घेऊ नका’ असे सांगणाऱ्याला काहीही मिळत नाही. परीक्षण करणाऱ्याचा हा हितसंबंध वाचकाला लिंककडे नुसते पाहून दिसत नाही, म्हणून तो सांगावा लागतो.

भारतात याबाबत कोणते नियम लागू होतात?

नियम एका जागी नाहीत. ते चार-पाच ठिकाणी विखुरलेले आहेत आणि एकत्र वाचावे लागतात. पाया ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा आहे. या कायद्याने केलेल्या ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ या व्याख्येत वस्तूचे खोटे वर्णन आणि फसवी हमी यांच्याबरोबरच महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हेही येते. याच कायद्याखाली जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व शिफारशी रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. शिफारस करणारा आणि उत्पादक, व्यापारी किंवा जाहिरातदार यांच्यातील ज्या संबंधामुळे शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम होऊ शकतो आणि ज्याची प्रेक्षकांना सहज कल्पना येणार नाही, असा संबंध पूर्णपणे जाहीर केला पाहिजे, असे ही तत्त्वे स्पष्टपणे सांगतात.

त्यानंतर २० जानेवारी २०२३ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘एंडोर्समेंट्स नो-हाऊज’ ही पुस्तिका काढली. कलावंत, इन्फ्लुएन्सर आणि संगणकाने घडवलेली आभासी पात्रे यांनी आपला हितसंबंध कोणत्या शब्दांत आणि कोठे जाहीर करावा, हे तिच्यात सांगितले आहे. तिच्यातील हितसंबंधाच्या यादीत पैशाच्या स्वरूपातला मोबदला सर्वांत आधी येतो आणि कमिशन हा पैशाच्याच स्वरूपातला मोबदला आहे. त्यामुळे ॲफिलिएट लिंकला ही तत्त्वे लागू होतात का, या शंकेला जागा उरत नाही.

याशिवाय जाहिरात व्यवसायाची स्वनियमन करणारी संस्था आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजेच ‘ॲस्की’ने, इन्फ्लुएन्सरांसाठी केलेली मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू आहेत. ॲस्की ही सरकारी संस्था नाही आणि तिला दंड ठोठावण्याचा अधिकार नाही, परंतु ‘जाहिरात’ असे सांगणारे लेबल किती सेकंद दिसावे, कोठे असावे यांसारखे बारकावे सर्वांत नेमकेपणाने तिच्याच तत्त्वांत सापडतात. म्हणून रोजच्या कामासाठी तीच हाताशी ठेवावीत.

माझे अनुयायी दोन-तीन हजारच आहेत. हे नियम मोठ्या इन्फ्लुएन्सरांसाठी नाहीत का?

नाही. अनुयायांची कोणतीही किमान संख्या नियमांत दिलेली नाही. ज्यांच्या शब्दाचा इतरांच्या खरेदीवर परिणाम होऊ शकतो, अशा सर्वांना ते लागू आहेत. एखाद्या तालुक्यातल्या शेतकऱ्याने चालवलेल्या यूट्यूब चॅनेलला दोन हजार वर्गणीदार असतील, पण ते सर्व त्याच परिसरातले द्राक्ष किंवा डाळिंब बागायतदार असतील, तर विद्राव्य खताच्या एखाद्या ब्रँडबद्दल त्याने काढलेला एक शब्द लाखो अनुयायी असलेल्या नटाच्या शब्दापेक्षा जास्त वजनदार ठरतो. विश्वास जितका जवळचा, तितकी जबाबदारी मोठी, असे मला मनापासून वाटते.

मी पैसे घेतले नाहीत; कंपनीने फक्त वस्तू वापरायला दिली. तरीही सांगायला हवे का?

होय. मोफत मिळालेली वस्तू, अट घालून दिलेली असो वा बिनशर्त, सवलत, भेटवस्तू, सहल, हॉटेलातील मुक्काम, स्पर्धेतील प्रवेश, पुरस्कार, तसेच कौटुंबिक, वैयक्तिक किंवा नोकरीचे नाते हे सर्व हितसंबंधात मोडते. मालवणजवळच्या एखाद्या होमस्टेमध्ये तुम्ही दोन दिवस मोफत राहिलात आणि तिथल्या सोलकढीवर मनापासून खूश होऊन व्हिडिओ केलात, तरी मुक्काम मोफत होता हे प्रेक्षकाला सांगायला हवे. सख्ख्या भावाच्या दुकानातल्या पैठण्या दाखवत असाल तर दुकान भावाचे आहे, हे सांगायला हवे. ॲस्कीच्या लेबलांमध्ये जाहिरात, प्रायोजित आणि सहयोग यांच्या जोडीला ‘मोफत भेट’ आणि ‘कर्मचारी’ ही स्वतंत्र लेबले आहेत ती याचसाठी.

मोफत वस्तूला प्राप्तिकराचीही एक बाजू आहे आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. व्यवसायाच्या ओघात मिळालेल्या लाभांचे मूल्य वर्षाला २०,००० रुपयांपेक्षा जास्त झाले, तर देणाऱ्याने त्यावर १० टक्के करकपात करावी, अशी तरतूद १ जुलै २०२२ पासून लागू झाली. तेव्हा प्रत्यक्ष कर मंडळाने असा खुलासा केला होता की, व्हिडिओसाठी दिलेला मोबाइल किंवा तत्सम वस्तू वापरून कंपनीला परत केली तर तो लाभ धरला जाणार नाही. ठेवून घेतली तर धरला जाईल. तेव्हा वस्तू परत केली असेल तर परत पाठवल्याची पावती जपून ठेवा, आणि ‘वस्तू परीक्षणापुरती मिळाली होती, परत केली आहे’ हे परीक्षणातही सांगा.

जाहीर करायचे ते नेमके कोठे?

जेथे वाचक निर्णय घेतो, त्याच्या अलीकडे. या एका वाक्यात बहुतेक नियमांचे सार आहे.

लेखात हितसंबंध जाहीर करणारी सूचना पहिल्या लिंकच्या आधी आली पाहिजे. अनेक ब्लॉगवर ती पानाच्या अगदी तळाशी, राखाडी बारीक अक्षरांत, ‘गोपनीयता धोरण’ आणि ‘संपर्क’ यांच्या शेजारी आढळते. दोन हजार शब्दांचा लेख संपवून तेथवर पोहोचणारा वाचक विरळा, आणि तोवर ‘आजची किंमत पाहा’ या ठळक बटणावर त्याचे बोट पडलेलेही असते. समाजमाध्यमांवरील मजकुरात लेबल पहिल्या दोन ओळींत असावे, ‘आणखी वाचा’ दाबल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी नको. वीस हॅशटॅगच्या गर्दीत किंवा लिंकांच्या रांगेत ते मिसळू नये, असे केंद्राच्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे. प्रोफाइलमध्ये एकदाच लिहिलेली सरसकट सूचनाही पुरत नाही, कारण प्रत्येक पोस्ट पाहणारा माणूस तुमचे प्रोफाइल उघडून पाहत नाही.

छायाचित्रावर लेबल चित्रावरच दिसले पाहिजे. व्हिडिओत ते लिहून दाखवावे आणि बोलूनही सांगावे, अशी केंद्राची अपेक्षा आहे. केवळ खालच्या वर्णनात टाकणे पुरेसे नाही. ॲस्कीने कालावधीही ठरवून दिला आहे. व्हिडिओ १५ सेकंदांचा किंवा त्याहून लहान असेल तर लेबल किमान ३ सेकंद दिसावे. १५ सेकंदांपेक्षा मोठा पण दोन मिनिटांपेक्षा लहान असेल तर एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ दिसावे. आणि दोन मिनिटे वा त्याहून मोठा असेल, तर त्या ब्रँडविषयी बोलणे चालू आहे तो संपूर्ण भाग संपेपर्यंत दिसावे. म्हणजे ९० सेकंदांच्या रीलमध्ये लेबल ३० सेकंद पडद्यावर राहिले पाहिजे, आणि बारा मिनिटांच्या परीक्षणात मिक्सरविषयी सात मिनिटे बोलत असाल तर ती सातही मिनिटे. थेट प्रक्षेपणात लेबल सतत आणि ठळकपणे दिसत राहावे, असे केंद्राची पुस्तिका सांगते. पॉडकास्टमध्ये ते सुरुवातीला, शेवटी आणि प्रत्येक मध्यंतराच्या आधी व नंतर बोलून सांगावे.

कोणत्या शब्दांत लिहावे? ‘ॲफिलिएट लिंक’ एवढे पुरे का?

माझ्या मते पुरत नाही. या धंद्यातल्या माणसाला तो शब्द कळतो, पण बार्शीत किंवा चिपळूणमध्ये मिक्सर घ्यायला निघालेल्या गृहिणीला त्यातून पैशाचा व्यवहार समजेलच असे नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचेही, म्हणजे तिथे ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेचेही, हेच म्हणणे आहे: नुसते ‘ॲफिलिएट लिंक’ लिहिल्याने लोकांना अर्थ कळेल असे गृहीत धरू नका, कमिशन मिळते हे सरळ सांगा.

सूचना ज्या भाषेत शिफारस आहे त्याच भाषेत हवी. संपूर्ण लेख मराठीत आणि तळाशी सूचना मात्र इंग्रजीत, हा प्रकार मराठी संकेतस्थळांवर सर्रास दिसतो. बहुधा एखाद्या परदेशी ब्लॉगवरून ते वाक्य जसेच्या तसे उचललेले असते. तसे करू नका. पुढील वाक्य कोणालाही कळेल: ‘या लेखातील लिंकवरून तुम्ही खरेदी केलीत, तर विक्रेत्याकडून मला कमिशन मिळते.’ मोफत वस्तूसाठी: ‘हा फवारणी पंप कंपनीने मला मोफत दिला आहे, व्हिडिओसाठी वेगळे पैसे घेतलेले नाहीत.’ सशुल्क कामासाठी: ‘जाहिरात. या व्हिडिओसाठी कंपनीने मला मानधन दिले आहे.’

‘तुम्हाला जादा पैसे द्यावे लागत नाहीत’ हे वाक्य पुष्कळ जण सवयीने जोडतात. ते खरे असेल तरच लिहा. काही अभ्यासक्रम आणि सेवा यांची किंमत लिंकप्रमाणे बदलते, हे आधी तपासून घ्यावे. ‘धन्यवाद अमुक कंपनी’, ‘मित्रांच्या सौजन्याने’, ‘सप्रेम’ यांसारख्या शब्दप्रयोगांतून पैशाचा व्यवहार कळत नाही, म्हणून त्यांना सूचना मानता येणार नाही.

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवरची ‘सशुल्क भागीदारी’ची सोय वापरली, ॲमेझॉनने सांगितलेले वाक्यही टाकले. आणखी काही करायला हवे का?

ती सोय अवश्य वापरा, पण सर्व भार तिच्यावर टाकू नका. यूट्यूबवरची पट्टी व्हिडिओच्या सुरुवातीला थोडाच वेळ दिसते, आणि ती इंग्रजीत दिसेल की मराठीत हे पाहणाऱ्याच्या मोबाइलवर अवलंबून असते. ॲमेझॉनच्या सहयोगी योजनेत ‘ॲमेझॉनचा सहयोगी म्हणून पात्र खरेदींवर मला उत्पन्न मिळते’ अशा आशयाचे वाक्य देणे बंधनकारक आहे, परंतु तो तुमच्या आणि कंपनीमधल्या कराराचा भाग झाला. वाचकाप्रती असलेले तुमचे कर्तव्य त्याहून वेगळे आहे, आणि ते स्वतःच्या शब्दांत पार पाडावे.

संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी अशा लिंकांना ‘स्पॉन्सर्ड’ ही खूणही लावावी. गुगलने सप्टेंबर २०१९ मध्ये आणलेली ही खूण पानाच्या कोडमध्ये असते आणि ती केवळ शोधयंत्राला दिसते. वाचकाला ती दिसत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर सूचना वगळता येत नाही.

माझे मत प्रामाणिक आहे आणि पैशामुळे ते बदलत नाही. मग सांगण्याची गरज काय?

मत प्रामाणिक असणे ही शिफारशीची पहिली अट आहे. तिच्यामुळे दुसऱ्या अटीतून सूट मिळत नाही. तुमच्या प्रामाणिकपणाचा निवाडा वाचकाने करायचा आहे, आणि तो करण्यासाठी लागणारी माहिती त्याच्या हाती असायला हवी. शिवाय आपल्या मनावर पैशाचा काहीच परिणाम झाला नाही, हे स्वतःलाही खात्रीने सांगता येत नाही. मोटर गरम होते, ही तक्रार परीक्षणाच्या पहिल्या मिनिटात येते की अकराव्या, एवढ्या बारीक गोष्टीतही तो परिणाम डोकावतो.

सूचना दिली तर वाचक पळून जातील, ही भीती मी समजू शकतो. पण मागाहून हितसंबंध उघड झाला तर वाचक आधीच्या सर्व परीक्षणांकडेही संशयाने पाहू लागतो, आणि तो विश्वास पुन्हा मिळवणे फार कठीण असते.

न वापरलेल्या वस्तूंची ‘सर्वोत्तम दहा’ यादी करून लिंका दिल्या तर चालेल का?

२०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस ही शिफारस करणाऱ्याचे खरे आणि सध्याचे मत असली पाहिजे, आणि वस्तूविषयीची पुरेशी माहिती किंवा प्रत्यक्ष अनुभव हा तिचा आधार असला पाहिजे. म्हणजे प्रत्येक वस्तू हाताळलीच पाहिजे असे नाही, पण ‘आम्ही दहा मिक्सर तपासले’ असे लिहायचे असेल तर ते तपासलेले असायला हवेत. कंपनीच्या पानावरील वॅट, लिटर आणि वॉरंटी यांची तुलना करून यादी केली असेल तर तसे लिहावे: ‘ही यादी कंपन्यांनी दिलेल्या माहितीवरून केली आहे, वस्तू वापरून पाहिलेल्या नाहीत.’ अशी यादीही उपयोगी असते.

यादीतील क्रम कमिशनच्या टक्केवारीवर ठरवला असेल आणि वाचकाला तो गुणवत्तेचा क्रम वाटत असेल, तर मात्र ‘कमिशन मिळते’ एवढी सूचना त्या यादीला वाचवू शकत नाही. क्रम कशाच्या आधारे लावला, हेही सांगावे लागेल. जाहिरातीला बातमीचे, लेखाचे किंवा सामान्य ग्राहकाच्या अनुभवाचे रूप देणे हा प्रकार ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या ‘डार्क पॅटर्न’विषयक, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांविषयीच्या, तत्त्वांतील तेरा प्रकारांपैकी एक आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

सूचना दिली की मग कशाचीही शिफारस करता येते का?

हा सर्वांत घातक गैरसमज आहे. ज्या गोष्टीची जाहिरातच करता येत नाही, तिच्यावर ‘जाहिरात’ असे लेबल लावल्याने ती वैध होत नाही.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचे उदाहरण घ्या. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने अशा खेळांच्या जाहिरातीलाच बंदी घातली असून, त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवली आहे. ‘माझ्या लिंकवरून ॲप घ्या, ५० रुपये बोनस मिळवा’ असा संदेश पुढे पाठवणाऱ्याने हे गांभीर्याने घ्यावे. तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातीला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. मधुमेह किंवा कर्करोग बरा करतो असा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिराती १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या कक्षेत येतात; ‘माझ्या काकांची साखर महिन्याभरात गेली’ असे सांगून चूर्णाची लिंक देणे त्यामुळे केवळ सूचनेचा प्रश्न राहत नाही. आरोग्यविषयक बोलणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने आणखी अपेक्षा घातल्या: प्रमाणित वैद्यकीय व्यावसायिकाने आपली पात्रता सांगावी, आणि इतरांनी आपले बोलणे हा वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही, हे स्पष्ट करावे.

गुंतवणुकीच्या बाबतीत शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची भूमिका कडक आहे. नोंदणी नसताना शेअर घेण्या-विकण्याचा सल्ला देणाऱ्या किंवा परताव्याचे दावे करणाऱ्या व्यक्तींशी सेबीच्या नियंत्रणाखालील संस्थांनी पैशाचे वा अन्य प्रकारचे संबंध ठेवू नयेत, असे नियम २०२४ मध्ये आले. म्हणून डीमॅट खात्याच्या रेफरल लिंकसोबत ‘हा शेअर दुप्पट होणार’ असे सांगणारा व्हिडिओ कितीही स्पष्ट सूचना देऊन केला, तरी तो नियमात बसत नाही.

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूच्या खोक्यातल्या कार्डावर ‘पाच स्टार द्या, १०० रुपये मिळवा’ असे लिहिले होते. असे अभिप्राय देणे योग्य आहे का?

नाही. व्हिजिटिंग कार्डाएवढा चकचकीत कागद, त्यावर क्यूआर कोड, ‘पाच स्टारच्या अभिप्रायाचा स्क्रीनशॉट पाठवा’ अशी सूचना आणि शेवटी ‘ही योजना विक्रेत्याच्या पानावर लिहू नये’ अशी विनंती, असे कार्ड अनेकांनी पाहिले असेल. ती शेवटची विनंतीच सर्व काही सांगून जाते. येथे हितसंबंध जाहीर करण्याची सोयच ठेवलेली नसते, कारण पैसे स्टारच्या संख्येवर मिळतात आणि अभिप्राय मात्र सामान्य ग्राहकाचा म्हणून छापला जातो.

भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय.एस. १९००० हे मानक आणले. विकत घेतलेले किंवा त्या कामासाठी नेमलेल्या माणसांकडून लिहून घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, ही त्याची भूमिका आहे. हे मानक ऐच्छिक म्हणून आले. बंधनकारक आहेत ते २०२० चे ई-वाणिज्य नियम, आणि विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास त्यांत मनाई आहे. असे कार्ड मिळाले तर त्याचे छायाचित्र काढून संबंधित संकेतस्थळाकडे तक्रार करावी. वस्तू खरोखर चांगली असेल तर पैसे न घेता तसे लिहावे.

क्लासच्या जाहिरातींत यशस्वी उमेदवारांची मनोगते असतात. त्यांनाही हे लागू आहे का?

होय, आणि पुण्यासारख्या शहरात, जेथे खेड्यापाड्यांतून हजारो मुले घरच्यांच्या कष्टाच्या पैशावर स्पर्धा परीक्षेच्या तयारीला येतात, तेथे हा विषय फार महत्त्वाचा आहे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी उमेदवाराचे नाव, छायाचित्र किंवा मनोगत वापरण्यासाठी निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम केला, किती काळ केला, त्याचे पैसे भरले होते की नाही, हेही छायाचित्रासोबत द्यावे लागते. यामागचे कारण साधे आहे: केवळ मोफत मुलाखत-मार्गदर्शनाला येऊन गेलेला उमेदवार संपूर्ण अभ्यासक्रमाचा विद्यार्थी म्हणून दाखवला जात असे. ‘माझा कोड वापरा, फीमध्ये सवलत मिळेल’ असे सांगणाऱ्या चॅनेलनीही कोडवर आपल्याला काय मिळते, हे सांगितलेच पाहिजे.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर सवलतींच्या लिंका टाकतो. प्रत्येक संदेशात सूचना देणे व्यवहार्य आहे का?

‘जाहिरात’ हा एक शब्द संदेशाच्या आरंभी टाकायला वेळ लागत नाही. संदेश एकेकटा पुढे पाठवला जातो; गटाच्या वर्णनात लिहिलेली सूचना त्याच्यासोबत जात नाही, म्हणून ती प्रत्येक संदेशात हवी. सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या गटावर लिंक टाकताना तर ‘मावशी, या लिंकवरून घेतलंस तर मला थोडं कमिशन मिळेल’ असे सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मावशी बहुधा त्याच लिंकवरून घेईल.

जुन्या लेखांचे काय?

ॲस्कीची तत्त्वे १४ जून २०२१ नंतर प्रसिद्ध झालेल्या मजकुराला लागू आहेत. तरीही जुन्या लेखातली लिंक आजही चालू असेल आणि तिच्यावरून आजही कमिशन येत असेल, तर वाचकाच्या दृष्टीने तो आजचाच लेख आहे. सर्वाधिक वाचले जाणारे लेख आधी घ्यावेत आणि सूचना वर आणावी. त्याच वेळी वस्तूचे नवे मॉडेल आले असेल तर मतही तपासून पाहावे.

सूचना न दिल्यास काय होऊ शकते? जबाबदारी कंपनीची की माझी?

दोघांचीही. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा उल्लंघन झाल्यास ही मर्यादा ५० लाखांपर्यंत जाते. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत, आणि पुढच्या उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत, कोणतीही शिफारस करण्यास बंदी घातली जाऊ शकते. ज्याचे घर या कामावर चालते त्याच्या दृष्टीने ही बंदी दंडापेक्षाही जड आहे. कायद्यात कैदेचीही तरतूद आहे, पण ती खोटी जाहिरात करवून घेणाऱ्या उत्पादकासाठी व सेवा देणाऱ्यासाठी. प्राधिकरणाच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे अपील करता येते.

जाहिरातीतील दाव्यांची योग्य ती खातरजमा केली होती, हे दाखवू शकणाऱ्या शिफारसकर्त्याला कायदा दंडातून सूट देतो. म्हणून कंपनीकडून दाव्यांचे पुरावे लेखी मागा, ईमेल जपून ठेवा आणि स्वखर्चाने घेतलेल्या वस्तूंची बिलेही ठेवा. ‘सूचना देऊ नका, व्हिडिओ नैसर्गिक वाटला पाहिजे’ असे एखादी एजन्सी सांगत असेल, तर ते काम सोडून द्यावे. नोटीस आली तर उत्तर देताना ती एजन्सी तुमच्या शेजारी उभी राहील याची खात्री नाही.

माझे काही वाचक अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये आहेत. तिकडचे नियमही पाहावे लागतील का?

त्या वाचकांना उद्देशून तिथल्या दुकानांच्या लिंका देत असाल तर होय. न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मराठी कुटुंबांसाठी तिथे मिळणाऱ्या प्रेशर कुकरचे परीक्षण भारतात बसून केले, तरी ते अमेरिकी ग्राहकांवर परिणाम करणारे आहे. फेडरल ट्रेड कमिशनने आपली शिफारशींविषयीची तत्त्वे २०२३ मध्ये सुधारली, आणि खोट्या व विकत घेतलेल्या अभिप्रायांना मनाई करणारा त्यांचा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. ब्रिटनमध्ये खोट्या अभिप्रायांवर एप्रिल २०२५ पासून कायद्याने बंदी आहे. भारतातील नियम काटेकोर पाळणाऱ्याला तिकडे फारसे वेगळे करावे लागत नाही.

छुपी जाहिरात आढळली तर तक्रार कोठे करावी?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जिल्हाधिकाऱ्यांकडे अथवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडेही करता येते. जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. ॲस्कीकडे तिच्या संकेतस्थळावरून तक्रार नोंदवता येते.

तक्रारीपूर्वी पोस्टचा पूर्ण पत्ता, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ असेल तर शिफारस नेमकी कोणत्या मिनिटाला आहे याची नोंद घ्यावी, कारण तक्रारीची कुणकुण लागताच पोस्ट बदलली किंवा काढली जाऊ शकते. लिंक कमिशनची आहे हे दाखवायचे असेल तर ती उघडल्यावर वर दिसणाऱ्या संपूर्ण पत्त्याचे चित्रही जोडावे. ओळख क्रमांक बहुधा त्यातच असतो. आणि छुपी जाहिरात करणारा लहान, नवखा माणूस असेल तर आधी त्यालाच एक साधा संदेश पाठवून पाहावा. बऱ्याच जणांना हे नियम ठाऊकच नसतात, आणि सांगितल्यावर ते सूचना टाकतात.